उंबऱ्यावर राहिलेली गाणी

हॅलो?… हां, सुकन्या, बोल गं! वारिजाक्काच बोलतेय… जरा मोठ्यानं, चुलीवर कोंबडीची कोरी गस्सी रटरटतेय. संध्याकाळी अख्खी भावकी येतेय, तू रेकॉर्ड केलेली अम्माची पाड्दनं, तिची जुनी तुळू गाणी ऐकायला. स्पीकरसुद्धा उसना आणलाय. कधी पाठवतेस?…

काय झालं? रडतेयस का?… अगं, आधी नाक पूस.

मिळत नाहीत म्हणजे? भातलावणीची सगळी गाणी होती त्यात! 'सेव्ह झालं' असं दिसलं म्हणून तर तू रेकॉर्डरमधली पुसलीस, माझ्यासमोर…

हो, हो… ऐकतेय. तुझा लॅपटॉप विंडोजचा… बरं. तुमच्या उडुपीच्या ऑफिसातला सर्व्हर लिनक्सचा… असेल बाई. तू प्रोग्रॅममध्ये पत्ता लिहिलास… कसला पत्ता? हां, फाइल ठेवायचा. या फोल्डरात, मग त्याच्या आतल्या फोल्डरात… मधे तिरकी रेघ, डावीकडे कललेली. आणि तिकडे उजवीकडे कललेली लागते?… मग? एवढ्याशा रेघेनं काय बिघडलं?

अस्सं… त्याला अख्खा पत्ता म्हणजे फाइलचं नावच वाटलं. म्हणजे आतल्या खोलीत ठेवायचं ते मेल्यानं उंबऱ्यावरच ठेवलं… आणि मशीन बंद करून चालू केलं की उंबरा झाडून निघतो?… सगळं गेलं?… अगं, एका शब्दानं तक्रार तरी करायची त्यानं!

साहेबांना विचारलंस?… तेही परत मिळणार नाहीतच म्हणाले?…

नाही गं, परत कसली म्हणते ती! अर्धांगाचा झटका आल्यापासून 'पाणी'सुद्धा म्हणता येत नाही तिला. विडीची पानं मांडीवर घेते आणि नुसती कुरवाळत बसते. म्हणून तर म्हटलं, निदान स्वतःचं गाणं ऐकेल…

काय? पहिल्या दिवशीची क्लिप? आवाज तपासून बघायला घेतलेली? ती तुझ्या फोनवर आहे?… लाव ना मग! आत्ताच लाव, इथेच. थांब, आवाज मोठा करते…

'चालू झालं का गं? म्हणू आता?'… अम्माच! तिचाच आवाज गं!… हां, पुढे?…

पुढे लाव ना…

एवढीच?

अगं अम्मा, तू कशाला उठलीस? भिंत धर, भिंत… हो, तुझाच आवाज… सुकन्या, थांब, ठेवू नकोस… अगं, ती खाली बसली. मांडी घालून, पदर सावरून… ऐकायला बसलीय गं ती.

हो अम्मा, हो… आत्ता सुरू होईल हं.

ठेव गं तू… ठेव.