किसनमामानं दारू सोडली तवा

दारू सोडनं सोपं हाय म्हन्ता ना, मंग आंजी गावच्या माह्या किसनमामाचं आयका. छप्पन साली मामानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरी आला, देव्हाऱ्यातले देव धाम नदीत सोडले आन् त्याच दिवशी मोहाची दारूबी बंद केली.

दोन-तीन दिवसांतच त्याचे हात असे कापाले लागले का चहाची बशी तोंडापर्यंत जाईना. अंगाले सारखा घाम. भरदुपारी भिंतीकडं पाहून म्हने, "पाहा ना, किती मुंग्या चढून राह्यल्या!" भिंतीवर एकबी मुंगी नव्हती.

शेजारची म्हातारी म्हने, "नदीत सोडलेली मातामाय कोपली. तिले परत देव्हाऱ्यात बसवा."

मामी रडाले लागली. मामाले तं काईच उमजेना. "म्या चांगलंच काम केलं, मंग मले हे काऊन होऊन राह्यलं?"

शेवटी बैलबंडीत घालून आमी त्याले सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "दारू कधीपासून घेत होता?"

"मिसरूड फुटलं तवापासून. रोज."

"आणि एकदम सोडलीत? शरीराला तिची सवय झाली होती, म्हणून हे होतंय."

"म्हंजे मातामायचा कोप नाई?"

"नाही हो."

बाईनं त्याले भरती करून घेतलं, सुया देल्या. हात थांबले, मुंग्या गेल्या. घरी निघताना मामा बाईले म्हने, "बाई, इतक्या वर्साचे देव सोडले, ते बिचारे गुपचूप गेले. ह्या दारूनंच जाताना एवढा तमाशा केला!"