एलरेच्या खिशातल्या चिठ्ठ्या

आदरणीय अध्यक्ष फादर मेलान्सों, व्यासपीठावरचे परगण्याचे सभासद श्री. ड्वेन कॉनर, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या दफनभूमीचे एकतीस वर्षांचे राखणदार श्री. एलरे नुनेझ, त्यांना न्यायला आर्कान्सॉहून ट्रक घेऊन आलेली त्यांची लेक यव्हेट, आणि ज्यांनी अजून गाव सोडलेलं नाही असे माझे समस्त बंधुभगिनी,

फादरनी मला दहा मिनिटं दिली आहेत. चाळीस वर्षं मास्तरकी केलेली बाई दहा मिनिटांत आटपत नसते, हे फादरना ठाऊक असायला हवं. ते माझ्याच वर्गात होते.

हा समारंभ खरं तर शनिवारचा. पण शनिवारी हे सभागृह जागेवर असेल याची हमी कुणी देईना, म्हणून आज गुरुवारी, भर दुपारी उरकतो आहोत. सोमवारी हे वादळ फ्लोरिडाला जाणार होतं, मंगळवारी अलाबामाला, काल टेक्सासला. आज सकाळच्या अंदाजात ते आपल्यावर आलं. चार वाजता पुढचा अंदाज येईल. तुमचं अर्धं लक्ष हातातल्या फोनकडे आहे, ते मला दिसतंय. राग नाही. माझंही भिंतीवरच्या घड्याळाकडे आहे.

मी सात वर्षांची असताना रेडिओनं सांगितलं होतं, वादळ उद्या दुपारी येईल. वडील म्हणाले, "झोपा आता, सकाळी बघू." सकाळी स्वयंपाकघरात कमरेएवढं पाणी होतं. आम्ही छपरावर चढलो. माझे दोन भाऊ छपरापर्यंत पोचले नाहीत. तेव्हापासून 'बघू' हा शब्द कुणी उच्चारला की मी आधी दारात जाऊन पाणी कुठवर आलंय ते पाहते. त्यानंतरची वादळं मोजायची मी सोडून दिली. प्रत्येकानं काही ना काही नेलं आणि आपण दर वेळी परत येऊन घर चार फूट आणखी उंच खांबांवर बांधलं. याला लोक चिकाटी म्हणतात. मला हल्ली तसं वाटत नाही.

असो. सत्कारमूर्तींविषयी बोलायला उभी आहे.

आपल्याकडे दोन फूट खणलं की पाणी लागतं. म्हणून आपली माणसं पुरी जमिनीत जात नाहीत, सिमेंटच्या पेटाऱ्यात अर्धी वर राहतात. पंधरा वर्षांपूर्वीच्या वादळात पेटाऱ्यांची झाकणं उडाली आणि एक्केचाळीस शवपेट्या आखाताच्या पाण्याबरोबर उत्तरेकडे गेल्या. एलरे आपली सपाट बोट घेऊन दलदलीत शिरला. साप होते, मगरी होत्या, मेलेली गुरं होती. त्यानं तेहतीस पेट्या परत आणल्या. म्हातारा ऑगुस्त, जो हयातीत शेजारच्या गावच्या जत्रेलाही गेला नाही, तो बावीस मैलांवर हमरस्त्याच्या कडेला सापडला. एलरे त्याला म्हणाला, "आता हौस फिटली ना? चल घरी." ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. तरी हसलात, बरं वाटलं.

पेट्या सापडल्या, पण कोण कुणाचं हे ओळखताना काय हाल झाले! म्हणून एलरेनं प्रथा पाडली. प्रत्येक पेटीत बूच लावलेली बाटली आणि बाटलीत चिठ्ठी: नाव, जन्म, कुणाला कळवायचं. या चिठ्ठ्या मी लिहायची. शिसपेन्सिलीनं, कारण शाई पाण्यात विरघळते. अर्ध्या गावाची पुढची ओळख माझ्या अक्षरात आहे.

आता ज्यासाठी उभी आहे ते सांगते. एलरे शहात्तर वर्षांचा आहे. डॉक्टरांनी त्याच्या हृदयाबद्दल जे सांगितलं ते यव्हेटनं मला फोनवर रडत सांगितलंय. ट्रकमध्ये सामान भरलेलं आहे. आणि हा गृहस्थ सोमवारपासून तिला एकच उत्तर देतोय, "चार वाजता बघू."

का? तर या आठवड्यात तुम्ही एकेक जण त्याच्या दारी गेलात. हातात केक, ओठांवर 'काय कसं काय'. आणि निघताना हळूच एक चिठ्ठी. आजोबांची पेटी तपकिरी, पितळी कड्या. बायकोची पांढरी, झाकणावर गुलाब. वादळानंतर शोधशील ना? त्याच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात अशा सतरा चिठ्ठ्या आहेत. बघा, हात तिथेच गेला त्याचा.

एलरे, माझ्या आईची पेटी तू अकराव्या दिवशी आणलीस. झाकण फुटलं होतं. तुझ्या हातांची सालं निघाली होती आणि तुला ताप होता. तू विचारलंस, "मास्तरीणबाई, हीच ना?" मी आत पाहिलं. पायात काळे बटणांचे बूट होते. माझ्या आईला मी स्वतः लोकरी मोजे घालून निरोप दिला होता. बूट तिला कधी सोसलेच नाहीत. आणि मी म्हटलं, "हीच."

गप्प बसा जरा, बोलू द्या मला.

मी 'नाही' म्हटलं असतं, तर तू त्याच पावली पुन्हा पाण्यात उतरला असतास आणि मेला असतास. म्हणून मी खोटं बोलले. पंधरा वर्षं दर नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, मी त्या बाईच्या कबरीला चुन्याची सफेदी करते, शेवंती ठेवते, घरातलं सगळं सांगते. माझ्या नातीचं लग्न मोडलं हे तिला सगळ्यात आधी कळलं.

काय म्हणालास? मोठ्यानं बोल.

"मग ती कोण आहे?" असं विचारतोय तो.

मला माहीत नाही, एलरे. कुणाची तरी आई. आणि माझी आई अजून त्या दलदलीतच कुठेतरी आहे, तिला कुणी आणलेलं नाही, आणि तरी मी जगलेच की. तेच तुला सांगायचंय. ज्यांना तू आणलंस ते आमच्यासाठी आणलंस. त्यांना काही नको होतं. फेब्रुवारीत माझे यजमान क्लोव्हिस गेले. त्यांच्या पेटीत मी बाटली ठेवलेली नाही. मुद्दाम. बावन्न वर्षांचा संसार होता, मला ते वाहून गेलेले चालणार नाहीत, एक दिवसही चालणार नाहीत. पण त्यांना शोधताना तू बुडालेला तर मुळीच चालणार नाही.

तो म्हणतोय, बोटीत पेट्रोल भरून ठेवलंय. माहीत आहे मला. म्हणूनच हे असं चारचौघांत बोलावं लागलं.

हे वाजले सगळ्यांचे फोन. चार झाले. फादर, तुम्हीच वाचा.

ऐकलंत? "मार्ग अनिश्चित. किनाऱ्याचा दोनशे मैलांचा पट्टा धोक्यात, नेमकं ठिकाण उद्या सकाळी सांगता येईल." म्हणजे आपल्याला पुन्हा सकाळी बघायला सांगितलंय.

मी सकाळची वाट बघणार नाही. ग्रामस्थहो, मी हात जोडून एक विनंती करते. एकेक जण पुढे या आणि एलरेच्या खिशातली आपापली चिठ्ठी परत घ्या. खिसा रिकामा झाला की तो ट्रकमध्ये बसेल. मी ओळखते त्याला. एरवी नाही बसायचा.

या.

कुणीच नाही?

ओडीलमावशी, तुम्ही उठलात. नव्वदाव्या वर्षी तुम्हीच उठलात, देव तुमचं भलं करो. सावकाश या. दे रे एलरे, त्यांची चिठ्ठी दे. हं. काय हवंय, मावशी? पेन्सिल? कशाला?

'डावीकडची कडी मोडकी आहे' हे लिहायचं राहिलं होतं. बरं. लिहा. ठेवा परत त्याच्या खिशात.

मी आणखी थोडं थांबते. फादर, घड्याळ दाखवू नका.

ठीक आहे. बसा सगळे, मान खाली घालू नका. मला कळतं. तुमच्या जागी मीही उठले नसते. पंधरा वर्षांपूर्वी मी उंबऱ्यात उभी राहून त्याची वाटच पाहत होते की.

समारोप करते. हे सभागृह दिल्याबद्दल चर्चचे आभार, खिडक्यांना फळ्या ठोकायचं सोडून आलेल्या मंडळींचे आभार, गंबोचा रस्सा रांधणाऱ्या भगिनींचे आभार. तो संपवूनच जा, फ्रिज रिकामे करायचेच आहेत. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर रीतीप्रमाणे क्षमा मागायला हवी. ती मी एकटीच्या वतीनं नाही, या सगळ्या सभागृहाच्या वतीनं मागते, आणि एकाच व्यक्तीकडे मागते.

यव्हेट, पोरी, ट्रकचं इंजिन बंद कर. तुझा बाप आम्ही ठेवून घेतोय. आम्हाला माफ कर.