गडावरून परतताना

त्या रविवारी ऊन कोवळं होतं, पण वारा असा की जीपमध्ये टोपी धरून बसावं लागे. आम्ही तिघे म्हातारे दोस्त गडावर देवीचं दर्शन घेऊन धुळ्याकडे परतत होतो. वाटेत एका ढाब्यावरून मटणाचा वास आला आणि भिकाने जीप थांबवली.

मी म्हटलं, "अरे, देवीहून आलेल्याने सरळ घर गाठावं. घरी पाय धुतात आपले."

भिका म्हणाला, "देवी मागे राहिली, वहिनी अजून पुढे आहे. मधला रस्ता आपला."

रस्स्यात भाकरी चुरून खाल्ली. मग साबणाने हात धुतले, मूठभर बडीशेप चावली. तरी धाकधूक होतीच, कारण घरी कळलं असतं तर वर्षभर नुसता वरण-भात.

दारात बायको तांब्या घेऊन उभी. तिने माझे पाय धुतले, ते पाणी डोळ्यांना लावलं आणि विचारलं, "वाटमा काही खादं का?"

"बडीशेप," मी म्हणालो.

शेजारचा रामा पाया पडला. मग गळाभेट घेता घेता माझ्या कानात हळूच म्हणाला, "नाना, मिशीले रस्सा लागेल शे. पुढला खेपले माले बी संगे देवीले लई चाला."