आबांसाठी केलेली पालकाची कोशिंबीर

अगं, माझी सहा वर्षांची मुक्ता हिरवं काही तोंडात घालायचीच नाही. डॉक्टरांनी तिचं रक्त कमी आहे म्हटल्यावर माझी तर झोपच उडाली. तशात अमळनेरहून माझे सासरे, आबा, आले. त्यांच्यासाठी मी पालक-काकडीची कोशिंबीर करायला घेतली आणि मुक्तालाच पानं तोडायला बसवलं. तिने लिंबू पिळलं, शेंगदाण्याचा कूट घातला आणि वाटी आबांपुढे धरली.

आबा म्हणाले, "माले भरोसा नही. पहिले तू खाई दाखाड."

मुक्ताने घास खाल्ला. "बघा, काही होत नाही!"

"आखो एक खाय."

चौथ्या घासाला तिने वाटीच जवळ ओढली. "आबा, तुम्हाला आई दुसरी करून देईल."

मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आबांसाठी नवी काकडी चिरायला घेतली.