माझा चौथा तास

...नाही, पण मी म्हणते, मला ताण आहे हे यांना सांगितलं कुणी? तुम्हाला सांगते, सकाळपासून तीन तास घसा फोडायचा, सातवीच्या बासष्ट पोरांना अपूर्णांक शिकवायचे, त्यातली साठ ठार बहिरी... आणि मग चौथा तास! ऑफ! एक खुर्ची बसायला, एक पाय टाकायला आणि हातात गरम चहा. गरम हं! घरी कप उचलला की कुणीतरी हाक मारतंच! अख्ख्या दिवसात गरम म्हणून तेवढाच!

नेमका तोच घेतला हो मुख्याध्यापिकाबाईंनी, माझा चौथा तास! कशासाठी? तर म्हणे, शिक्षकांचा ताण कमी करायला!

सगळे वर्ग मॉनिटरच्या हवाली, आणि आम्ही नऊ जण शिक्षकखोलीत. बाकीच्यांचं बरं होतं, त्यांचं शिकवणं वाचलं! माझा मात्र ऑफ गेला. समोर एक श्वासवाले सर, आवाज असा की भिंतीलाही डुलकी यावी. "डोळे मिटा... सगळं सोडून द्या..." काय सोडून द्या? सातवी सोडून आलेय ना! आणि तिकडचा गोंगाट एकदम बंद! अहो, गोंगाटात आम्ही निवांत असतो. शांतता झाली की समजायचं, कुणीतरी खिडकीत चढलंय! डोळे मिटलेले, कान टवकारलेले... कसला डोंबलाचा आराम!

वर प्रत्येकाला एक वही. पाणी किती ग्लास, झोप किती तास, रोज लिहायचं! रोज कोण लिहितंय? शनिवारी बसले आणि सहा दिवस एका दमात उरकले. चित्रकलेचे सर आले, "बाई, तुमची जरा बघू... नुसती बघतो हो!" तिथून वही जी फिरली, ती टेबलभर फिरली.

सोमवारी श्वासवाल्या सरांनी वह्या चाळल्या आणि त्यांचाच श्वास अडकला! "पाणी सात तास... झोप आठ ग्लास... नऊच्या नऊ वह्यांत?"

घाईत चुकले हो मी! पण बाकी आठ जणांनी चुकीसकट उतरवलं! पोरांची कॉपी आम्ही अशीच तर पकडतो!

मुख्याध्यापिकाबाई कडाडल्या, "पहिलं कुणी लिहिलं? उभं राहा!" सगळ्यांच्या माना खाली. चित्रकलेचे सर टेबलाखाली पेन शोधायला लागले. राहिले मी उभी! घाबरते की काय! म्हटलं, "मी लिहिलं! आणि पुन्हा लिहिणार नाही! ताण घालवायचाय ना? बासष्टची चाळीस करा! ते जमत नसेल तर माझा चौथा तास परत द्या! श्वास मला येतो घेता, जन्मल्यापासून घेतेय. मला चहा प्यायचाय!"

खोलीत अशी शांतता, की सातवी खिडकीतच चढली असावी.

बाई म्हणाल्या, "बसा. उद्यापासून चौथा तास तुमचा."

जिंकले की नाही? बोला!

"...आणि त्या तासाला या वह्या तुम्ही तपासायच्या. कॉपी तुम्हालाच बरोब्बर कळेल."

घ्या! आगीतून फुफाट्यात! तर आज बसले. एक खुर्ची बसायला, एक पाय टाकायला, चहा गरम, मांडीवर गठ्ठा. सगळ्यात वर खुद्द मुख्याध्यापिकाबाईंची वही, गेल्या आठवड्याची, सरांना न दाखवलेली. उघडली.

पाणी सात तास. झोप आठ ग्लास.

आता यांना कुणी उभं करायचं? मी? बघतच बसले हो किती वेळ... मग काय, लाल पेनानं 'छान' लिहिलं, सही ठोकली आणि कप तोंडाला लावला.

गार!