शेवटच्या गोणीचा हिशोब

नाही नाही, पाय हलवू नका, विद्याधर — पाय हलवले की तुम्ही झुलता, तुम्ही झुललात की टेंपो झुलतो, आणि टेंपो झुलला की मी इथे या कडेवर — हां, असं. अगदी गोणीसारखे राहा. गोणी कशी, हुकाला लागली की गप्प. आणि हाक तर मुळीच मारू नका. तुमच्या डोक्यावर ती गॅलरी आहे ना, तिच्या आतल्या खोलीत तुमची आई आमच्या अण्णांबरोबर पोहे खातेय, आणि दार नुसतं लोटलंय. आपल्याला दहा मिनिटं बोलायला खाली पाठवलंय — मुलामुलीने एकमेकांना समजून घ्यावं म्हणून — आणि बघायला आलेला मुलगा वखारीच्या अंगणात टेंपोवरच्या क्रेनला लटकलाय, हे त्यांनी पाहिलं तर — हसू नका हो, हसलात तरी झुलता.

खटका अडकलाय, बाकी काही नाही. त्या खांबाच्या पायाशी हँडल दिसतंय? त्याच्या दात्यांत एक खटका बसतो, वजन खाली सरकू नये म्हणून, आणि तो आपलं काम आज फारच मनापासून करतोय. म्हणजे तुम्ही पडणार नाही, हे नक्की. हातोडीचा एक टोला दिला की सुटेल. पण मी उठले की माझं वजन जाणार, टेंपो तुमच्या बाजूला कलंडणार, आणि तुम्ही कोळशाच्या ढिगात, त्या पांढऱ्या शर्टासकट. म्हणून गुणाजीभाऊ येईपर्यंत मी इकडे, तुम्ही तिकडे. गुणाजीभाऊ म्हणजे आमचे टेंपोवाले. नाक्यावर चहाला गेलेत, लगेच येतील — लगेच म्हणजे, चहावर पान होतं त्यांचं.

काय? हिशोब कुठे चुकला? मी तेच बघतेय मघापासून. चुकलेला नाही हो, बरोबर आहे — भरलेल्या टेंपोचा. खाली गोण्या रचलेल्या, त्यांच्या वजनाने टेंपो जागच्या जागी घट्ट, मग क्रेनने एक गोणी उचलायची, दुसरी उचलायची, तिसरी — अरे देवा. शेवटची गोणी. शेवटची गोणी उचलताना टेंपो रिकामाच असणार की. म्हणजे मी जर्मनीत जाऊन यंत्रं शिकून आले, कागदावर सगळं तीनदा तपासलं, आणि शेवटची गोणी सुचली नाही. परवा भांडुपला नेली होती, तिथे एकच गोणी चढवली, बाकीच्या टेंपोतच होत्या, म्हणून कळलंच नाही. बरं झालं तुम्ही बसलात. खरंच सांगते, तुमचे उपकार आहेत.

भांडुपची गंमत सांगू? टेकडीवरची चाळ, जिना इतका अरुंद की गोण्या घासून घासून भिंतीचा चुना गेलाय. वर मालनआजी राहतात, आंघोळीच्या बंबाला आमचीच लाकडं घेतात. गुणाजीभाऊ एरवी गोणी पाठीवर घेऊन चढतात आणि वर पोचले की उंबऱ्यावरच बसकण मारतात. परवा मी खाली टेंपो लावला, हँडल फिरवलं — गोणी चालली वर. सगळी चाळ गॅलरीत. पहिल्या मजल्यापर्यंत झकास गेली, मग जरा वळली आणि शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या पापडांत — त्यांची वाट लागली ती लागलीच, पण मालनआजींनी तिला दोन्ही हातांनी अशी ओढून घेतली, अशी, जशी लेक माहेरी आली. आत नेऊन हळदकुंकू लावलं हो तिला. गोणीला. आणि गुणाजीभाऊ खाली उभे, हात मोकळे, त्या हातांचं करायचं काय ते त्यांना कळेना. मला म्हणाले, "ताई, हिका चाय नको, पान नको — माझा नि हिचा जमताला." दुसऱ्या दिवशी बघते तर क्रेनला लिंबू-मिरची बांधलेली.

ही कल्पना माझी नाही, ते आधीच सांगते. जर्मनीत मी राहायचे त्या गावात एक म्हातारा लाकडं पोचवायचा. सुकी, सारख्या मापाची, गोणीत बांधलेली — आणि त्याच्या गाडीवर अशीच लहानशी क्रेन. एकटा यायचा, शीळ घालत, गोणी दारात अलगद ठेवायचा, टोपी उचलून चालला. मी खिडकीत उभी राहून बघायचे आणि मला गुणाजीभाऊंची पाठ आठवायची. तेव्हाच ठरवलं. विक्रोळीच्या कारखान्यात मला घेत होते, पंखा, टेबल, सगळं — मी म्हटलं, आधी आमच्या घाटकोपरच्या वखारीत एक क्रेन बसू दे. माणसाच्या पाठीवरचं एक ओझंही उतरवता आलं नाही, तर शिकायचं कशाला? — भाषण होतंय का? होतंय. माझं होतं असं.

अण्णांचं मत वेगळं. ते म्हणतात, घरोघरी गॅस येतोय, लाकूड कोण घेणार. अहो, गॅसचा नंबर लागेपर्यंत पोरांची लग्नं होतात. आणि बंब आहेत, आचारी आहेत — पण अण्णा दमलेत. वखार चालू ठेवलीय ती माझ्या हट्टापायी. मला स्पष्ट सांगितलंय, तुझं लग्न ठरलं की मी कुलूप लावणार. म्हणून तर मी — नाही, काही नाही.

सांगू? तुम्ही आता कुठे जाणार आहात म्हणा. आधी जे बघायला आले ना, त्यांना मी मुद्दामच खाली आणायचे. हाताला ग्रीस लावून क्रेन दाखवायचे, असंच बोलत सुटायचे. ते घड्याळ बघायचे, वर जाऊन नकार द्यायचे, आणि वखार आणखी थोडे दिवस वाचायची. तुमच्यासाठीही तोच बेत होता. पण तुम्ही विचारलंत, किती वजन उचलते. ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तुमचं किती आहे — आणि तुम्ही बूट काढून पट्ट्यात बसलातसुद्धा. ते बघा, खाली कसे नीट जोडीने ठेवलेत. आता पंचाईत माझी झालीय. तुम्ही नाही म्हणालात तर वखार राहील, आणि मला — तुम्ही नाही म्हणू नये असं वाटायला लागलंय. हे मी बोलले? मोठ्याने? टेंपोच्या कडेवर बसून?

काय म्हणता? कशाला टेकू? टेंपोला — अहो, खरंच की. तुमच्या बाजूने चाकाशेजारी ओंडका लावला की संपलं, दोन्ही बाजूंना दोन लोखंडी पाय कायमचे बसवता येतील — तुम्ही विम्याच्या कचेरीत काय करता हो? आणि अख्खी वखार लाकडांनी भरलीय.

आले, आले. गुणाजीभाऊ, तोंडातलं पान राहू द्या, आधी तो जाड ओंडका इकडे — तिकडे नाही, पाहुण्यांच्या खाली — पाहुणे वर काय करतायत ते नंतर सांगते. बसला? हलत नाही? मग मी उठते. उठले. हं. आता मी हँडल धरते, तुम्ही हातोडी घ्या आणि खटक्यावर एकच, हलका — सुटला. आता, विद्याधर, तुम्हाला अगदी अलगद खाली —

नको? खाली नको? मग? — पोचते ना, गॅलरीपर्यंत पोचते, त्यासाठीच तर बनवली, पण वर तुमची आई, अण्णा — तिथूनच सांगणार? काय सांगणार? होकार, पण वखारीला कुलूप लागणार नसेल तरच? असं, अण्णांसमोर, क्रेनवरून?

थांबा, मला जरा — नाही, रडत नाहीये, ग्रीस गेलं डोळ्यात. गुणाजीभाऊ, तुम्ही फिरवा हो, मला वर बघायचंय. हळू. शेजारी पापड नाहीत ना? कठडा आला की दोन्ही हातांनी धरा. पायांत बूट नाहीत ते बरंच झालं, घरातच शिरायचंय. दार उघडतंय — अण्णाच आहेत. बोला तुम्ही. मी आता एक शब्द बोलणार नाही.