मोडलेली पार्लमेंट आणि मनुबाईची मांदेली

“तुमच्या सरकारनं आमच्या मासळीचा घात केलाय,” कोलशेतच्या सरकारी वखारीवर मिठाच्या रांगेत पुढे उभी असलेली मनुबाई कारकुनाला म्हणाली. टोपलीतली मांदेली उन्हानं मऊ पडत चालली होती.

“बाई, विलायतेतली पार्लमेंट मोडली. नवी भरेपर्यंत खारवायचं मीठ बंद.”

मनुबाईला ते पटलं. कोळीवाड्यात नवा पाटील बसला की जुन्याचे हुकूम बुडतातच. तिला रडूच आलं.

“मनू, ती काय आपली गावकी हाय?” मागून पावलू शेतकरी म्हणाला. “मेंबर घरी गेले, कायदे जागेवर हायत.”

“तुला कोण बोलला?”

“पाद्रीबावा पेपर वाचतो. काय हो कारकून, पार्लमेंट मोडली तर आमचा शेतसारा माफ झाला काय?”

“सारा कसा माफ होईल?”

“मग मीठ कसं बंद होईल?”

रांग खदखदून हसली. कारकुनानं मिठाचं माप भरलं. मनुबाईच्या जिवात जीव आला. तिनं मासळीवर दोन्ही हातांनी मीठ पसरलं, पण जागची हलली नाही.

“आता काय, बाई?”

“नवी पार्लमेंट निवडताना आमच्या कोळीवाड्याला कोण विचारणार? त्याचं उत्तर द्या, मग जाते.”